फ्रॅटर्निटीचं पंचविसावं रियुनियन: सारखे येणारे प्रश्न

मी तेरा वर्षांचा असताना ठाण्याहून न्यू जर्सीत आलो, कॉलेज इथेच केलं आणि दुसऱ्या वर्षाला एका साउथ एशियन फ्रॅटर्निटीत गेलो. आमच्या चॅप्टरला (म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेला) पंचवीस वर्षं झाली म्हणून मागच्या ऑक्टोबरात रियुनियन केलं. कमिटीत आम्ही सहा जण आणि मराठी बोलणारा मी एकटा, त्यामुळे फ्रॅटर्निटीतल्या भावांच्या बायका, त्यांचे सासू-सासरे, मंडळातल्या काकू, पुण्याला परत गेलेले दोघं-तिघं, सगळ्यांचे मेसेज माझ्याच फोनवर. आता दुसऱ्या चॅप्टरवालेही विचारायला लागलेत, म्हणून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. आमच्या फ्रॅटर्निटीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण खाली काही घरातल्या गोष्टी आहेत.

१. फ्रॅटर्निटी म्हणजे नक्की काय? हॉस्टेलचा ग्रुप असतो तसं का?

हॉस्टेलचा ग्रुप आपोआप जमतो, इथे रीतसर घेतलं जातं. आधी ओळखीपाळखी, मग बोलावणं येतं त्याला बिड म्हणतात, मग काही आठवडे तुम्ही शिकाऊ (आमच्या वेळी प्लेज म्हणायचे, आता न्यू मेंबर म्हणतात), मग शपथ, आणि त्यानंतर आयुष्यभराची मेंबरशिप. डिग्री मिळाली की ॲक्टिव्हचा (शिकत असलेल्या मेंबरचा) ॲलम (माजी विद्यार्थी) होतो एवढंच, नाव कटत नाही. एकमेकांना ब्रदर म्हणतात, आणि मला हे फार आवडतं की लॅटिनमधला फ्रातेर आणि आपला भ्राता हे एकाच मुळातले शब्द आहेत, म्हणून या पानावर मी सरळ भाऊच लिहिणार आहे.

ग्रीक अक्षरांची नावं सुरू झाली १७७६ साली, ५ डिसेंबरला, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा निघाली तेव्हा. पुढे ती हुशार विद्यार्थ्यांची मानाची सोसायटी झाली. आज आपण जिला फ्रॅटर्निटी म्हणतो तिची सुरुवात धरतात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजपासून, तिथे १८२५ ला कॅपा अल्फा सोसायटी आणि १८२७ ला आणखी दोन निघाल्या. म्हणजे परंपरा जुनीच आहे, ती कोणाला आत घेत होती हा वेगळा प्रश्न, तो पुढे बघा.

२. हे तर गोऱ्या मुलांचं ना? आपली मुलं त्यात कशी आली?

बरोबर आहे, खूप वर्षं ते गोऱ्या मुलांचंच होतं आणि कित्येक फ्रॅटर्निटींच्या नियमांत तसं लिहिलेलंही होतं. ज्यांना दार बंद होतं त्यांनी स्वतःची घरं बांधली. १९०६ ला कॉर्नेलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली, मार्टिन ल्यूथर किंग तिचेच मेंबर. १९०८ ला हॉवर्ड युनिव्हर्सिटीत मुलींची अल्फा कॅपा अल्फा निघाली, कमला हॅरिस तिच्या. आमच्यासारख्या फ्रॅटर्निटीत जे स्ट्रोल (रांगेतला नाच), लाइन (एकत्र आत आलेली मुलं), क्रॉस होणं (शपथ घेऊन मेंबर होणं) हे शब्द आणि रीती आहेत त्या बऱ्याचशा या कृष्णवर्णीय संघटनांकडून आलेल्या आहेत, हे ऋण रियुनियनच्या स्टेजवरून एकदा तरी बोलून दाखवावं असं मला वाटतं.

आपल्याकडच्या मुलांचं म्हणाल तर १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला, त्यानंतर डॉक्टर-इंजिनियर लोक आले, आणि त्यांची मुलं १९९० च्या दशकात मोठ्या संख्येने कॉलेजात पोचली. तेव्हाच हे सगळं भराभर झालं. १९९४ ला बिंगहॅम्टनमध्ये आयोटा न्यू डेल्टा, १९९६ ला पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सिग्मा बीटा रो, १९९८ ला ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, १९९९ ला यूसीएलएत बीटा काय थीटा. मुलींच्या अशा संघटना, ज्यांना सोरॉरिटी म्हणतात, त्याही तेव्हाच्याच, कॅपा फाय गॅमा, डेल्टा फाय ओमेगा आणि सिग्मा सिग्मा रो तिन्ही १९९८ च्या. म्हणून तर या चार-पाच वर्षांत जिकडे तिकडे पंचविशीचीच आमंत्रणं.

३. पंचवीस वर्षं नक्की कशाची मोजायची? नॅशनलची की आपल्या चॅप्टरची?

दोन्ही वेगळी. नॅशनल म्हणजे पूर्ण संघटना, तिचा फाउंडर्स डे दरवर्षी असतो. चॅप्टर म्हणजे तुमच्या कॉलेजातली शाखा, तिचं वय वेगळं. आता घोळ असा की चॅप्टरच्या पण दोन-दोन तारखा असतात, पहिली लाइन क्रॉस झाली ती एक आणि नॅशनलने चार्टर (अधिकृत मान्यता) दिला ती दुसरी, मधे वर्ष-दीड वर्षही जातं. आमच्याकडे यावरून ग्रुपवर चार दिवस वाद. शेवटी पहिली लाइन क्रॉस झाली तीच तारीख धरली, कारण चार्टर हा कागद आहे आणि त्या सात मुलांनी बेसमेंटमध्ये बसून जे सुरू केलं ते खरं. तुमच्याकडे वेगळं ठरलं तरी हरकत नाही, फक्त आमंत्रणावर एकच तारीख छापा.

(लाइन म्हणजे एका सेमिस्टरला एकत्र आत आलेली मुलं. प्रत्येकाला क्रमांक असतो. पंचवीस वर्षांनीही माणसं फोनवर नावाआधी क्रमांक सांगतात.)

४. तारीख कुठली ठेवावी? होमकमिंगला ठेवली तर बरं ना?

होमकमिंग म्हणजे शरदातला तो फुटबॉल मॅचचा वीकेंड, सगळे माजी विद्यार्थी कॅम्पसवर येतात, माहोल तयार मिळतो. पण कॉलेजजवळची हॉटेलं महिनोन्महिने आधी भरतात, दर चढतात, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्यांचे हाल होतात. मी तरी होमकमिंग टाळा म्हणेन. दुसरं म्हणजे आपलं कॅलेंडर बघा. सप्टेंबरात मंडळाचा गणपती, मग न्यू जर्सीत नवरात्राचे गरब्याचे सगळे वीकेंड, मग दिवाळी, त्यातून थँक्सगिव्हिंग सांभाळून जो शनिवार उरतो तो पकडा आणि निदान दहा महिने आधी सांगा. आम्ही सात महिने आधी सांगितलं ते कमी पडलं, दोघा डॉक्टर भावांच्या ड्युट्या लागून गेल्या होत्या.

५. दोन-तीन दिवस नक्की काय चालतं?

शुक्रवारी रात्री साधं भेटणं, हॉटेलच्या लॉबीत नाहीतर जवळच्या रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत. त्याला कार्यक्रम ठेवू नका. लोक वीस वर्षांनी भेटतात त्यांना नुसतं उभं राहून बघू दे एकमेकांकडे.

शनिवारी सकाळी कॅम्पसवर चक्कर. साउथ एशियन फ्रॅटर्निटींना बहुतेक ठिकाणी स्वतःचं हाउस नसतं, मोठे खांब असलेलं ते सिनेमातलं घर आमच्याकडे कधीच नव्हतं, आमचं घर म्हणजे स्टुडंट सेंटरमधलं एक टेबल आणि रात्री दोन वाजता उघडा असणारा एक पिझ्झावाला. तो अजून आहे. मालक बदलला पण आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो आणि आमच्यातला एक, जो आता हार्ट सर्जन आहे, काउंटरवर हात ठेवून दोन मिनिटं काही बोललाच नाही. दुपारी आत्ताच्या ॲक्टिव्ह मुलांबरोबर बसणं. हे जरूर ठेवा. ती मुलं वीस वर्षांची असतात, त्यांना नोकरी कशी शोधायची ते विचारायचं असतं आणि विचारायला लाजतात, तर प्रत्येक टेबलावर दोन ॲलम आणि चार ॲक्टिव्ह असं बसवा, मायक्रोफोन नको.

रात्री बँक्वेट. लाइनप्रमाणे रोल कॉल होतो, जुन्यापासून नव्यापर्यंत, प्रत्येक लाइन उभी राहते. थोडी भाषणं, गेलेल्या भावांचं स्मरण (त्याचं सविस्तर १७ मधे), मग जेवण, स्लाइड शो, आणि स्ट्रोल म्हणजे रांगेत ठेक्यावर चालत करायचा तो नाच. रविवारी सकाळी ब्रेकफास्ट आणि पांगापांग.

एक विनंती, भाषणं तीनच ठेवा. आमच्याकडे सात झाली आणि समोर बसलेल्या लहान मुलांना जेवायला साडेनऊ वाजले.

६. जुनी माणसं शोधायची कशी? अर्ध्यांचे नंबरच नाहीत.

पार्टी करणं सोपं आहे, हे काम अवघड आहे, आणि माझ्या मते पूर्ण रियुनियनचं मोल यातच आहे. जे दरवर्षी भेटतातच त्यांना परत एकदा भेटवण्यासाठी कोणी हॉल बुक करत नाही. कॉलेजचे जुने ईमेल बंद झालेले असतात, फेसबुकवर पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो असतो. आम्ही लाइनप्रमाणे वाटणी केली, प्रत्येक लाइनमधल्या एकाने आपल्याच लाइनची जबाबदारी घ्यायची, आणि नियम एकच, ग्रुप मेसेज नाही, फोन करायचा. नंबर नसेल तर त्याच्या बिगला किंवा लिटलला विचारायचं (बिग म्हणजे प्लेज असताना ज्याने तुम्हाला सांभाळलं तो, लिटल म्हणजे तुम्ही ज्याला सांभाळलंत तो), हे नातं बहुतेक वेळा टिकलेलं असतं. तेही नसेल तर आईवडिलांचा जुना लँडलाइन. त्या पिढीने नंबर बदललेले नाहीत, आणि मला दोन काकूंनी ओळख लागताच आधी जेवलास का विचारलं आणि मग मुलाचा नंबर दिला.

ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्याबद्दल काही ठरवून मोकळे होऊ नका. कोणाचा घटस्फोट झालेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते, काहींची कारणं १३ मधे आहेत.

७. बायको, नवरा, मुलं यांना आणायचं का? त्यांना कंटाळा नाही येणार?

आणा, पण कुठल्या कार्यक्रमाला ते आमंत्रणातच लिहिलेलं हवं. शुक्रवार फक्त भावांसाठी, शनिवारची दुपार आणि बँक्वेट कुटुंबासकट, रविवार सगळ्यांसाठी, असं आम्ही केलं. जोडीदारांसाठी माझं म्हणणं असं की त्यांना दुसऱ्या टेबलावर एकत्र बसवू नका, नवऱ्याच्या लाइनबरोबरच बसवा, म्हणजे त्यांना ती माणसं कळतात ज्यांची नावं घरात वर्षानुवर्षं ऐकलीत. भावांपैकी दोघांचे जोडीदार पुरुष आहेत, त्यांनाही तसंच आमंत्रण, नावासकट, "आणि पाहुणा" असं नाही. मुलांसाठी बाजूची एक खोली, दोन बेबीसिटर आणि वेळेवर जेवण एवढं पुरतं.

सासू-सासरे भारतातून आलेले असतील तर? बिनधास्त आणा. आधी १ आणि २ वाचायला द्या म्हणजे बरं.

८. काय घालायचं? कुर्ता चालेल? आणि ती अक्षरांची जॅकेटं बायकोने घातली तर?

बँक्वेटला सूट, शेरवानी, कुर्ता-बंडी, साडी काहीही. आमच्याकडे निम्मे लोक बंदगळ्यात होते आणि फोटो छान आले. दिवसभर पोलो किंवा लेटर्स.

लेटर्स म्हणजे फ्रॅटर्निटीची ग्रीक अक्षरं असलेले कपडे, ते फक्त शपथ घेतलेल्या मेंबरने घालायचे असतात. बायकोने, भावाने, मुलाने घालू नयेत, हा नियम लोक मनापासून पाळतात आणि यावरून चेहरे पडलेले मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगतो. कुटुंबासाठी रियुनियनचा वेगळा टीशर्ट छापा, त्यावर वर्ष आणि कॉलेजचं गाव. पिन म्हणजे छोटा बॅज असेल तर तो डाव्या बाजूला, हृदयावर, फॉर्मल कपड्यावरच, टीशर्टवर नाही. क्रमांक आणि लाइनचं नाव असलेलं जुनं जॅकेट आता होत नसेल तर खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवा, आमच्याकडे बऱ्याच जणांनी तेच केलं.

९. मुलगा/नवरा आतलं काही सांगतच नाही. एवढं गुप्त काय असतं?

शपथविधी, काही शब्द, हस्तांदोलन आणि अक्षरांचा अर्थ. एवढंच. पैशाचे किंवा धर्माचे व्यवहार नसतात. ज्याने शब्द दिलाय त्याला फोडायला लावू नका, तो तुमच्यापासून काही लपवतोय असं नाही, त्याने दिलेला शब्द तो पाळतोय. रियुनियनमध्ये फार तर अर्धा-पाऊण तासाची एक बंद बैठक असते, बाकी सगळं उघड्यावर. पण गुप्ततेच्या नावाखाली कोणाला इजा झाली असेल तर ती गोष्ट या शब्दात येत नाही, ती बोलायचीच. तेही १३ मधे.

१०. किती खर्च येतो? आणि परवडत नसेल तर?

हॉल, जेवण, डीजे, फोटोग्राफर, शर्ट, सगळं धरून बँक्वेटचं तिकीट आम्ही माणशी १४० डॉलर ठेवलं होतं, ॲक्टिव्ह मुलांना ४०, बारा वर्षांखाली फुकट. हॉटेल आणि प्रवास ज्याचा त्याचा, हॉटेलला खोल्यांचा ब्लॉक (एकगठ्ठा बुकिंग) धरला की दर थोडा उतरतो, पण न भरलेल्या खोल्यांचे पैसे कोण देणार ते करारात वाचून घ्या, कित्येक करारांत ते तुमच्यावर येतं. जेवण बाहेरच्या देसी केटररचं हवं असेल तर हॉटेल त्याला परवानगी देतं का आणि त्याचा वेगळा चार्ज काय ते सही करायच्या आधी विचारा. शाकाहारी, जैन आणि हलाल तिन्ही मोजून सांगा, अंदाजे नको.

परवडत नसेल तर. हा प्रश्न कोणी थेट विचारत नाही, "बघतो, कामाचं कळवतो" असं उत्तर येतं. आम्ही फॉर्ममध्ये तीनच ओळी ठेवल्या, पूर्ण तिकीट, जमेल तेवढं, आणि माझ्याबरोबर अजून एकाचं तिकीट. कोणी काय निवडलं हे फक्त खजिनदाराला दिसत होतं, कमिटीलाही नाही. तिसऱ्या ओळीत आले त्यातून दुसरी ओळ भागली आणि वर उरले. जे कॉलेजात एकमेकांचं भाडं भरत होते त्यांना हे नवीन नाही, फक्त मागायची वेळ कोणावर येऊ देऊ नका.

११. जास्तीचे पैसे दिले तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

फ्रॅटर्निटी स्वतः बहुतेक वेळा ५०१ सी ७ प्रकारची म्हणजे सोशल क्लब असते, तिला दिलेलं दान वजा होत नाही. बऱ्याच नॅशनल संघटनांची वेगळी एज्युकेशनल फाउंडेशन असते ती ५०१ सी ३ म्हणजे धर्मादाय संस्था, तिला दिलेलं वजा होऊ शकतं, आणि कंपनीचं मॅचिंग (तुमच्या दानाला जोडून कंपनी स्वतःचे घालते ते) पण साधारण तिलाच लागू होतं. मात्र फाउंडेशनने डिनर ठेवलं असेल तर तिकिटातला जेवणाच्या किमतीचा भाग वजा होत नाही, फक्त वरचा भाग होतो. पावती मागून घ्या, आणि मोठी रक्कम असेल तर तुमच्या अकाउंटंटला विचारा.

१२. दारू असते का? मी पीत नाही / आता सोडली आहे, चालेल ना?

बँक्वेटला बार असतो, पण कोणी हातात ग्लास कोंबणार नाही एवढी काळजी कमिटीने घ्यायची. ॲक्टिव्ह मुलं येणार असतील तर नियम कडक आहे, अमेरिकेत वय २१, हे १९८४ च्या कायद्यापासून देशभर आहे, आणि तुमच्या पार्टीत एकोणीस वर्षांच्या मुलाने प्यायली तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. त्यामुळे बार लायसन्सवाल्या हॉटेलचाच, मनगटावर पट्टा, आणि बाहेरून आणलेली बाटली अजिबात नाही. मोठ्या फ्रॅटर्निटींच्या संघटनेने तर २०१८ ला ठरवून सप्टेंबर २०१९ पासून चॅप्टर हाउसमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलची दारू बंदच केली, फक्त लायसन्सवाला विक्रेता असेल तर अपवाद.

सोडलेल्या भावांसाठी आम्ही शनिवारी रात्री अकरानंतर एका खोलीत चहा ठेवला होता, आलं-वेलदोड्याचा, आणि बारपेक्षा तिथली गर्दी जास्त वेळ टिकली.

१३. प्लेज असताना माझ्याशी वाईट वागले होते. मी कशाला येऊ?

यायलाच पाहिजे असं नाही, आणि कोणी तुम्हाला "जाऊ दे रे, जुनं झालं" म्हणत असेल तर ते चूक आहे.

हेझिंग म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग, महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, इथे चाळीसपेक्षा जास्त राज्यांत कायदे आहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट आला, त्याने कॉलेजांना हेझिंगचे प्रकार मोजून जाहीर करायला लावलं. या देशात मुलं मेली आहेत यात. आमच्या चॅप्टरमध्ये कोणी मेलं नाही पण आम्हाला रात्र रात्र जागवलं, भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून उभं केलं, आईवडिलांवरून बोलले. पुढच्या वर्षी भिंतीसमोर दुसरी मुलं होती आणि मी त्या खोलीत उभा होतो, मी काही केलं नाही आणि थांबवलंही नाही, आणि ते थांबवायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

रियुनियनच्या फोनवर त्याच लाइनमधल्या एका भावाने मला सांगितलं की तो येणार नाही आणि का. मी माफी मागितली. तो म्हणाला, तू ठीक आहे पण ज्याने केलं त्याने मागायला पाहिजे, स्टेजवरून नको, मला फोन करून. ते मी त्या माणसाला सांगितलं. त्याने तीन आठवडे लावले पण फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. तो भाऊ बँक्वेटला नाही आला, रविवारी ब्रेकफास्टला बायकोबरोबर आला आणि तासभर बसला.

कमिटीवाल्यांना एवढंच सांगेन, स्लाइड शोमध्ये प्लेजिंगचे फोटो "मजा" म्हणून लावू नका. आम्ही सगळे काढून टाकले.

१४. मी मधेच सोडलं, क्रॉस झालोच नाही. मला आमंत्रण चुकून आलंय का?

बहुतेक चुकून नाही. मेंबरच्या बंद बैठकीला (९ बघा) बसता येणार नाही आणि लेटर्स नाही घालता येणार, बाकी सगळ्याला यायला काही अडचण नाही, अर्थात तुमच्या लाइनच्या मुलांना हवं असेल तर. आमच्याकडे असे दोघं आले. उलटा प्रकार म्हणजे ज्याला नॅशनलने काढून टाकलंय असा माणूस, तिथे कमिटीने परस्पर ठरवू नये, आधी नॅशनलला विचारावं, आणि ज्याच्या तक्रारीवरून काढलं त्यालाही.

१५. मी भारतात परत आलोय. कसं जमवू?

बी१/बी२ म्हणजे टुरिस्ट-बिझनेस व्हिसावर रियुनियनला येता येतं. फ्रॅटर्निटीचं आमंत्रण-पत्र सक्तीचं नाही, जोडलं तर चालतं पण व्हिसा त्यावर मिळत नाही, तुमची तिकडची नोकरी-घर-संसार बघतात. मुलाखतीची तारीख मिळायला किती महिने लागतील सांगता येत नाही म्हणून तारीख कळल्या दिवशीच अर्ज करा, हेही दहा महिने आधी सांगण्याचं (४ बघा) एक कारण.

येणं नाहीच जमलं तर व्हिडिओवर या, पण वेळ बघा, ऑक्टोबरात न्यू जर्सीत शनिवारी संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे रविवारी पहाटेचे साडेचार. आम्ही रोल कॉल मुद्दाम नऊला ठेवला, तिकडे साडेसहा. पुण्यातले तिघं कर्वेनगरात एकाच्या घरी जमले, समोर चहा, आणि त्यांच्या लाइनचं नाव घेतल्यावर तिथे स्क्रीनमध्ये तिघंही उठून उभे राहिले. हॉलमध्ये त्या लाइनचा एकच जण होता. त्याला एकट्याला उभं राहावं लागलं नाही.

१६. आमचा चॅप्टर कॉलेजने बंद केलाय. तरी रियुनियन करता येतं?

माणसं म्हणून भेटायला कोणाची परवानगी लागत नाही. पण कॉलेजचं नाव-लोगो वापरणं, कॅम्पसवरची खोली घेणं, सध्याच्या विद्यार्थ्यांना बोलावणं, हे करू नका, त्याने बंदी वाढू शकते आणि पुढे चॅप्टर परत सुरू करू पाहणाऱ्या मुलांचं नुकसान होतं. फ्रॅटर्निटीचं नाव छापायला नॅशनलची लेखी परवानगी घ्या. कॅम्पसबाहेर हॉल घ्या. आणि चॅप्टर का बंद झाला ते न बोलता रियुनियन करू नका, नाहीतर नंतरच्या लाइनवाले ते ओझं घेऊन कोपऱ्यात बसतात.

१७. आमचा एक भाऊ गेला. त्याच्या आईवडिलांना बोलवावं का? त्यांना त्रास नाही होणार?

बोलवा. हे मी पूर्ण विचार करून सांगतोय.

आमचे दोघं गेले, एक अपघातात आणि एक कॅन्सरने. पहिला मराठी होता, माझ्या पुढच्या लाइनचा, त्याचे आईवडील अजून न्यू जर्सीत एडिसनजवळच राहतात. कमिटीत दोन मतं होती, काही म्हणाले जखम उघडू नये. मी फोन केला, काकूंनी उचलला, मी नाव सांगितलं आणि सगळं सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, अरे तुम्ही कोणी फोनच करत नाही. सोळा वर्षं झाली होती. आम्हाला वाटत होतं आपण त्यांना त्रास देत नाही.

तर काय करायचं ते सांगतो. ईमेल नाही, फोन, आणि जो त्याला जवळून ओळखत होता त्याने. येणार का हे लगेच विचारू नका, आधी घरी जाऊन या. स्मरणाच्या वेळी काय होणार, कुठला फोटो लावणार, हे आधी दाखवा आणि त्यांना नको असलेलं काढा. फुलांचा हार घातलेला फोटो लावायचा की नाही हे त्यांना विचारा, काकूंनी नको म्हटलं, त्यांना तो क्रिकेटचा पायजमा घातलेला हवा होता. स्मरण जेवणाआधी ठेवा म्हणजे त्यांना हवं तर लवकर निघता येतं. त्यांना एकटं टेबल देऊ नका, त्याच्या लाइनमध्ये त्याच्या क्रमांकाच्या जागी बसवा. रोल कॉलला त्याचं नाव घ्या आणि उत्तर त्याच्या लिटलने द्यावं. कुटुंबाला नको असेल तर आग्रह नाही, नाव तरी घ्यायचंच. दुसऱ्या भावाच्या बायकोने नाही म्हटलं, तिने परत लग्न केलंय, तिने फक्त त्याचं नाव नीट उच्चारा एवढंच सांगितलं आणि कसं उच्चारायचं त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं.

काका-काकू आले. रात्री साडेदहापर्यंत थांबले. प्लेज असताना प्रत्येक लिटल आपल्या बिगला लाकडी पॅडल (वल्ह्यासारखी फळी) बनवून देतो, हाताने रंगवलेलं, ते बिगकडे कायम राहतं. त्यांच्या मुलाने बनवलेलं पॅडल त्याच्या बिगने डॅलसहून विमानाच्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलं होतं, मागच्या बाजूला त्याच्या अक्षरात चार ओळी, त्यातली एक देवनागरीत. काकांनी चष्मा काढून ती वाचली, मग काकूंना वाचून दाखवली. बिग म्हणाला हे तुम्ही घरी न्या. काकू म्हणाल्या, त्याने तुला दिलंय ना, मग तुझ्याकडेच राहू दे, फक्त दरवर्षी एकदा घेऊन ये.